हिराबाईंनी रोवलेली काठी

"साहेब, तुमचा ह्यो पडदा टिकायचा न्हाय," हिराबाई म्हणाल्या, तेव्हा मला चक्क राग आला. आदल्याच दिवशी तो पडदा तपासणीत पास झाला होता.

मांडव्याजवळ खाडीकाठच्या उतारावर आम्ही बंगले बांधत होतो. मी साइट इंजिनिअर. परवानगीतली अट अशी, की साइटवरचा गाळ खाडीत जाता कामा नये. त्यासाठी सिल्ट फेन्स लावतात, हाच तो पडदा. म्हणजे खुंटांना ताणलेलं जाड कापड, खालची कड जमिनीत पुरलेली. पावसाचं पाणी अडतं, माती मागेच बसते. आम्ही ती उताराच्या अगदी तळाशी लावली होती, नियमाप्रमाणे.

हिराबाई कोळीवाड्यातल्या. ओहोटीला खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून विकायच्या. वरून माती येऊन बसली की तिसऱ्या गुदमरून मरतात, आणि त्यांचं घर त्यावरच चालायचं.

"मावशी, पाऊस वरून येतो," मी शहाणपणा केला.

"व्हय. आन् भरती कुठनं येते?"

मी सांगलीचा. मला पूर कळतो, भरती नाही.

"अवसेला दुपारी बाराला या. बूट घालू नका."

गेलो, बूट घालूनच. आमच्या मॅनेजरसाहेबांनाही ओढून नेलं. बघता बघता खाडी चढली, कापडाखालून आत शिरली आणि पुरलेली कड सुटून तरंगायला लागली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"आखाडात ह्याच्याबी वर येतं," म्हणत हिराबाई उतार चढल्या आणि एका जागी काठी रोवली. मी टाइड टेबल, म्हणजे भरतीच्या वेळा-उंचीचा तक्ता, काढला आणि उंची मोजायची लेव्हल लावली. वर्षातली सगळ्यात मोठी भरती बरोबर त्या काठीपाशी येत होती. काय बाई होती! हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले मी.

"इथं तर क्लायंटचा बसायचा लाकडी डेक येतोय," मॅनेजर ओले बूट झटकत म्हणाले.

"मग डेक मागे घ्या, साहेब," मी म्हणालो.

"अहो, पण तपासणीत पास झालंय ना?"

"झालंय. आता तुमच्यासमोर तरंगतंय."

दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी डेक मागे सरकला आणि फेन्स काठीच्या वर गेली.

आषाढात पावसाने चार दिवस झोडपून काढलं. फेन्सच्या आत लाल चिखलाचं तळं साचलं, बाहेर एक ओघळ नाही. उघडीप मिळाल्यावर हिराबाई ओहोटीला चिखलात उतरल्या, हात घालून चाचपलं आणि तिथूनच ओरडल्या, "जित्या हायत, साहेब!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

रिपोर्टमध्ये 'सल्लागार' या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं. ऑफिसने खोडलं. मी पुन्हा लिहिलं.

आता खाडीकाठचं काम आलं की मी आधी विचारतो, इथे ओहोटीला चिखलात कोण उतरतं? ड्रॉइंग त्यानंतर उघडतो.