मागच्या खुर्चीतली तोफ

लग्नाला गेलं की लोक नवरी बघतात, पंगतीचा अंदाज घेतात, चपला कुठे काढल्या ते लक्षात ठेवतात. आमचे रेवणमामा अक्षता बघायचे. मंगलाष्टक संपून ‘सावधान’ झालं की मान वर करून ते हवेतल्या लाल ज्वारीचा (सोलापुराकडे अक्षता ज्वारीच्याच) माग काढायचे आणि ती खाली आली की हळहळायचे. “बघ महेशा, मागच्यांचं धान्य मधल्यांच्या टकलावर. नवरा-नवरीपत्तुर एक दाणा जाईल तर शपथ. ह्येला काय आशीर्वाद म्हणायचं व्हय?”

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, जुळे सोलापुरात आमच्या मागच्याच गल्लीत राहणारे. घरात मराठी, रागात कन्नड. त्यांना अक्षतांची एवढी काळजी का, हे मला फार उशिरा कळलं. मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळतात. बायको म्हणते, कळतात हेच पुष्कळ.

माझे वडील गेल्यापासून आई कुठल्याही लग्नात शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच ठरवलं होतं की शुभकार्यात आपलं पाऊल पुढे नको. मामा दर वेळी म्हणायचे, “अक्का, पुढं चल की.” ती म्हणायची, “हितनं टाकते की तम्मा, पोचतात.” तम्मा म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ, म्हणून मामा तिला उलट बोलायचे नाहीत. मला मात्र बाजूला घेऊन सांगायचे, “पोचत न्हाईत. मी दरवेळी बघतोय.”

मग माझ्या मुलीचं, श्रुतीचं लग्न ठरलं. आईची एकुलती एक नात. मी आईला समोर बसवून समाज कसा बदललाय यावर चांगलं तासभर बोललो. माझ्या मते भाषण उत्तम झालं. शेवटी ती म्हणाली, “झालं का? चहा टाकू?”

मामांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते गच्चीवर प्लास्टिकचे पाइप कापत बसले होते. “तू अक्काला हलवायला बघतोस,” ते म्हणाले. “ती लहानपणापास्नं कुणाच्या बानं हललेली न्हाय. आपण अक्षता हलवू.”

ती त्यांची हवेची तोफ. जाड पाइपात सायकलच्या पंपाने हवा भरायची, खटका दाबला की ती लांब नळीतून बाहेर पडणार आणि नळीच्या तोंडातली मूठभर ज्वारी घेऊन जाणार. दारू नाही, जाळ नाही. मी म्हटलं, “मामा, जोर जरा वाढवा, लांब जाईल.” तर माझ्याकडे असं बघितलं की मी पंप खाली ठेवला. “शेजारी अक्का बसणार हाय. जोर कमी, पोच जास्त, असं जमवायचं. ताकद काय, रेड्याला बी असती.”

चाचण्या पहाटे व्हायच्या. नवरदेवाच्या जागी मी उभा. नवरीच्या जागी उभी राहायला माझ्या बायकोने स्वच्छ नकार दिला, म्हणून तिथे बादली. पहिल्या दिवशी ज्वारी शेजाऱ्यांच्या टाकीवर गेली, दुसऱ्या दिवशी माझ्या कानात. हळूहळू नेम बसला. बादलीत माझ्यापेक्षा जास्त अक्षता पडत, पण सवयीने मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या घरात डोक्यावर पडणाऱ्या गोष्टी बहुधा माझ्याच वाट्याला येतात, हा एकच अपवाद.

लग्नाच्या दिवशी सकाळी आई हळूच मामांच्या शेजारी येऊन बसली. नवं लुगडं नेसली होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं विचारलं, “खरंच पोचतील का रे, तम्मा?”

इतकी वर्षं ‘पोचतात’ म्हणणारी आई. खिशातून रुमाल काढून मामा आधीच स्वच्छ असलेली नळी पुन्हा पुसत बसले.

मुहूर्ताला कार्यालय गच्च भरलं. शेवटच्या रांगेत दाराजवळ आई, तिच्या शेजारी शालीखाली झाकलेली तोफ आणि मामा. मुलीचा बाप म्हणून माझी जागा स्टेजवर होती, पण बादलीची, म्हणजे आता श्रुतीची, काळजी वाटून मी मागेच रेंगाळत होतो. आईने स्वतःच्या हाताने मूठभर ज्वारी आणि थोड्या गुलाबाच्या पाकळ्या नळीत घातल्या. ‘सावधान’ झालं. मामांनी खटका दाबला.

फट्ट.

लाल-गुलाबी फवारा डोक्यांवरून काय सुंदर निघाला. अर्धं कार्यालय पार केलं, आणि मग त्याला स्टेजवरचा माणसाएवढा उभा पंखा भेटला. मे महिना म्हणून कुणीतरी मुहूर्तालाच तो पाहुण्यांच्या तोंडावर सोडला होता. आम्ही सगळ्या चाचण्या पहाटे, वारा पडलेला असताना केलेल्या. ज्वारी मधल्या रांगेतल्या व्याह्यांच्या मंडळींवर ओतली गेली आणि पाकळ्या तरंगत माघारी येऊन आईच्या मांडीवर पडल्या.

मामा खाली वाकून पंप मारायला लागले. “थांब अक्का, आनी एकदा. दुसरं मंगलाष्टक सुरू झालंय. जोर वाढवतो.”

“साकु, तम्मा, साकु,” आई म्हणाली. “पुरे झालं. तुज्या नादी लागून पोरीवर एक दाणा पडंना माजा.”

तिनं ताटलीतली मूठभर ज्वारी घेतली आणि उठली. मला वाटलं, मूठ उंच करून मागूनच टाकेल. पण ती मधल्या वाटेने सरळ चालू लागली, मान मागे वळवून मामांना बोलत. “पंखा दिसला न्हाय व्हय? डोळं हायत का बटनं?” बोलता बोलता पायऱ्या चढली, श्रुतीच्या पुढे गेली आणि ‘सावधान’ला तिच्या डोक्यावर मूठ रिकामी केली.

मग तिला कळलं आपण कुठे उभ्या आहोत. ती वळली. श्रुतीनं तिचा हात धरला. “आज्जी, उतरू नको आता. अजून तीन आहेत. इथंच थांब.”

मी मामांना हलवलं. “मामा, वर बघा.” त्यांनी बघितलं. पंप हातातच राहिला. मग पंगतीत बसल्यावर ते पंख्यावर एवढं बोलले की शेजारचा पाहुणा दुसऱ्या रांगेत गेला. “ते अक्काचं झालं ते बरं झालं. पण यंत्र चाललं न्हाई की रे.”

मामा जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांची आठवण निघाली की मला त्या लग्नानंतरचा रविवार आठवतो. अक्कलकोटला लवकरच माझ्या पुतण्याचं लग्न होणार होतं, म्हणून पंख्याचा काय बंदोबस्त करायचा हे विचारायला मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या गच्चीवर गेलो. मामा करवतीने तोफेचे तुकडे करत होते.

“अहो, हे काय?”

“मोरीचं पाणी तुंबतंय. पाइप बदलतो.”

“आणि अक्कलकोटचं लग्न?”

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “अक्का सकाळी येऊन गेली. पुढच्या रांगेत जागा धरून ठेव म्हणाली. ते टोक धर जरा, हलतंय.”