पेटीतला मुका सूर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालेला, आमच्या घरातला मी पहिला पदवीधर... आणि झालो तो वामनकाकामुळे. बाबा मला कापसाच्या जिनिंगवर कामाला लावणार होते. काकानंच देवळीच्या स्टँडवरून एसटीत बसवून मला वर्ध्याच्या कॉलेजात नेलं.

काका आमच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचा, काकू गायची. त्याच्या पेटीतला एक सूर मुका होता. दुरुस्तीचं म्हटलं की हसायचा – "एकच तं रुसला हाये, राहू दे!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी काकानं नवं गाणं रचलं, काकूला एकदाच वाजवून दाखवलं आणि त्याच आठवड्यात तो गेला. शब्द काकूला पाठ होते, चाल काही केल्या आठवेना. पार्टीतले म्हणाले, दुसरी चाल लावू. काकूनं साफ नाही म्हटलं. "त्याईची चाल नाई तं मी गातच नाई."

मी तेव्हा मासिकं वाचून, जुन्या रेडिओचे भाग जोडून एक सिंथेसायझर बनवत होतो. त्यात तीन भाग. एक ट्रान्झिस्टरच्या खरखरीतून दर ठोक्याला कोणतंही व्होल्टेज उचलायचा, म्हणजे कोणताही सूर. दुसरा सिक्वेन्सर – आठ बटणांवर आठ सूर लावून ठेवायचे, तेच फिरत राहतात. तिसरी पितळी पट्टी. बोट जितकं दाबाल तितका आवाज मोठा. बाबांचा टोमणा ठरलेला – "बीएस्सी होऊन डबडं वाजवून राह्यला!"

त्या दुपारी सिक्वेन्सर सुटा करून ठेवला होता, फक्त खरखरीचा भाग चालू होता. काकू पाणी घेऊन आली.

"हे काय कोंबड्याईले दाणे टाकल्यावानी वाजते रे, बाबू?"

"कोणताही सूर येतो काकू, ठरलेलं काही नाही. पट्टीवर बोट ठेवून पाह्य."

तिनं बोट ठेवलं... आणि सूर रांगेत आले. पाच सूर, सहाव्या ठोक्याला काहीच नाही, मग दोन. पुन्हा तेच आठ ठोके. पुन्हा तेच.

मी टेबलाकडे पाहिलं. सिक्वेन्सर तर टेबलावर सुटा पडला होता! आणि या भागात गप्प राहायची सोयच नव्हती – दर ठोक्याला सूर निघणारच. मी वायरीकडे हात नेला.

"हात लावू नको!" काकू ओरडली. "त्याईचीच चाल हाये."

ती गाऊ लागली. सहावा ठोका आला, डबा गप्प झाला, आणि त्या जागी फक्त काकूचा आवाज लागला. तेव्हा कुठे मला पेटीतला तो मुका सूर आठवला.

"दर गाण्यात त्याईची पेटी या सुरावर थांबे," ती डोळे पुसत म्हणाली, "अन् इथं मीच राहो."

चाल पाठ झाल्यावर तिनं बोट उचललं. पुन्हा ठेवलं, तर नुसते दाणेच दाणे.

जयंतीला काकू गायली. मी नंतर सगळं सर्किट तपासलं. पट्टीचा आवाजाशी संबंध होता, सुरांशी नाही. कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आता काकूही नाही. डबा माझ्याकडे आहे. अधूनमधून सुरू करतो, पट्टीवर बोट ठेवतो आणि सहाव्या ठोक्याची वाट पाहतो... दर वेळी तिथं सूर वाजतोच.