सकुबाईची गाठ

सकुबाई आणि तिचा नवरा कुंडलिक यांचं एक जुनं भांडण मी कुडापलीकडून ऐकलेलं. आमची घरं पाठीला पाठ, ऐकायचं नाय म्हटलं तरी ऐकू यायचं. तेव्हा सकुबाई तरणी होती. तिला बायकांचा त्रास होता, तो तिनं गावात फिरणाऱ्या नर्सबाईला हळूच सांगितला. नर्सबाई भली, पण गळा मोठा. पुढच्या खेपेला तिनं रस्त्यावरूनच विचारलं, "सकुबाई, अंगावरून जायचं थांबलं का गो?" कुंडलिक तिथंच माणसांत बिडी ओढत बसलेला. बिडी टाकून तो घरी आला.

"अंगाची दुखणी वेशीला टांगतेस?" तो म्हणाला. ती म्हणाली, मग तू ने डॉक्टरकडं. त्यावर तो आणखीच तापला. माणूस वाईट नाय, पण लाज वाटली की त्याला राग यायचा. शेवटी तीच म्हणाली, "बरं. आता मेले तरी अंगाचं नाव काढणार नाय."

बोलली ते तिनं पाळलं, हीच पंचाईत झाली.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या पायथ्याला. भाताची झोडणी उरकली की शहापूरकडच्या एका कॉलेजची पोरं दर वर्षी गावाचा अभ्यास करायला येतात. शाळेत मुक्काम आणि दिवसभर घरोघरी प्रश्न. चूल का गॅस, पोरं कामाला कुठं जातात, घरात दुखणंखुपणं काय. मला एकानं विचारलं, आजी, फावल्या वेळात काय करता? मी म्हटलं, फावला की सांगते.

त्यांना फाट्यावरून आणायचं, गावात फिरवायचं आणि परत फाट्यावर सोडायचं काम सकुबाईचं. कुणी दिलेलं नाय, तिनंच घेतलेलं. कुठला कुत्रा नुसता भुंकतो, कुणाकडं सुतक आहे, कुणाचा चहा नाकारला तर रुसवा धरतील, सगळं ती वाटेत सांगायची. पोरं तिला मावशी म्हणायची. सगळ्या घरांत दुखणी विचारून झाली, पण तिला कुणी विचारलं नाय. ती कायम विचारणाऱ्यांच्या बाजूला उभी.

मागल्याच्या मागल्या वर्षी तिच्या छातीत गाठ आली. कुंडलिकला सांगायची सोय नव्हती आणि नर्सबाईचं तर नावच नको. पण पोरांबरोबर आलेल्या त्यांच्या मास्तरीण प्रेमाबाई शिकलेल्या, बाईमाणूस, शिवाय चार दिवसांनी गावातून परत जाणाऱ्या. त्यांनी एकदा बघावं आणि कुठं दाखवायचं ते गुपचूप सांगावं, एवढंच तिला हवं होतं. बाई कायम घोळक्यात. म्हणून तिनं मनस्वी नावाच्या कल्याणच्या पोरीला धरलं. वाटेत कुणी नाय बघून म्हणाली, "माज्या गाठीचं बाईंच्या कानावर घाल गो पोरी. एकट्या बाईंच्याच."

मनस्वीला वाटलं, मावशीला बाईंची गाठ घ्यायचीय, म्हणजे भेटायचंय. तिनं इमानानं तसंच सांगितलं.

निरोपाच्या दिवशी बाईंनी सकुबाईला शाल घातली, हात हातात घेतला आणि हसून म्हणाल्या, "मनस्वीनं सांगितलं होतं हो तुमच्या गाठीचं, कामात राहूनच गेलं. आता मनाला लावून घेऊ नका."

सकुबाई शाल घेऊन हलक्या पावलानं घरी आली. एवढी शिकलेली बाई हसून असं म्हणते, म्हणजे गाठ साधी.

पुढच्या पावसात भाताच्या आवणीला तिचा हात वर जाईना. तेव्हा चिखलात उभं राहून तिनं मला हे सगळं सांगितलं. मी कुंडलिकला सांगितलं. तो ओरडला नाय, जीप बघायला धावला. मुरबाडला दाखवलं, तिथून मुंबईला. उशीर झाला म्हणाले. औषधानं केस गेले तर सकुबाई म्हणते, बरं झालं, उवांचा ताप मिटला.

थंडीत पोरं परत आली. मनस्वी आता शेवटच्या वर्षाला, नव्या पोरांना घेऊन आलेली. डोक्याला घट्ट पदर गुंडाळून सकुबाई फाट्यावर हजर. मनस्वीनं मला येऊन विचारलं, मावशी अशी का झाली? मी म्हटलं, तुला सांगितलं होतं ना तिनं गाठीचं.

पोरगी ओट्यावर बसली ती बसलीच. "आजी, मी भेट समजले," म्हणाली.

मी म्हटलं, शब्द तर एकच.

ती तशीच उठून सकुबाईकडं गेली आणि सगळं सांगितलं. सकुबाई चुलीत फुंकर मारत होती, ती थांबली.

"म्हणजे बाईंना ठाऊकच नव्हतं?"

मनस्वीनं नाय म्हणून मान हलवली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर उठून काय शिकलो ते सांगायचंय, तेव्हा हे सांगू का, असं तिनं विचारलं.

"नको गो. कुंडलिक बसतो तिथं मागं. आन बाईंना बी नको सांगू, त्यांच्या मनाला लागंल."

निरोपाच्या दिवशी शाळेत गाव जमलं आणि पोरं एकेक उठून बोलली. कुणी मायेचं बोललं, कुणी चुलीवरच्या भाकरीचं. मनस्वी उठली, दाराशी बसलेल्या सकुबाईकडं बघितलं, "मला नाही सांगता येत" म्हणाली आणि डोळे पुसत बसली. प्रेमाबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोरीचा गावात जीव अडकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकुबाई त्यांना सोडायला निघाली. ती तिची शेवटची फेरी. कुंडलिक म्हणाला मी जातो, तर म्हणते, तुला पोरांची नावं तरी येतात का? मी तिच्या मागं चालले. बांधावर ती टेकली, तर पोरांना वाटलं मागच्यांची वाट बघतेय. फाट्यावर तिनं वालाच्या शेंगांची पिशवी जीपमध्ये ठेवली, वळणावर हळू ने म्हणून जीपवाल्याला दम दिला, कुणाची खाली राहिलेली बाटली खिडकीतून आत दिली. मनस्वीनं तिचा हात धरून ठेवलेला.

"सोड गो, गाडी निघाली," सकुबाई म्हणाली.

जीप दिसेनाशी झाल्यावर ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, चल, गुरं सोडायची राहिलीत.