पुजलेल्या गोफणी

शालनबाईला गावात कुणी चांगलं म्हणत नसे. तोंडाळ, उर्मट, सासऱ्याला उलट बोलणारी अशी तिची ख्याती होती, आणि त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण ती तोंडाळ होती म्हणून मी आज चार अक्षरं लिहू शकते. मवाळ बायकांची गावात काही कमी नव्हती. त्यांच्या मवाळपणाचा आम्हा पोरींना काडीचा उपयोग झाला नाही.

रहाटणी तेव्हा शेतांचं गाव होतं. तिकडे पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, गावातले दोन-चार जण सायकलवरून दापोडीच्या वर्कशॉपात जायचे, बाकी सगळं गाव बाजरी आणि भुईमुगाच्या मागे. शालनबाईचा नवरा ज्योतीराम दापोडीला जाणाऱ्यांतला. अगदी शांत माणूस. घरात भांडण लागलं की तो सायकलचं चाक पुसायला बसायचा. त्यामुळे शेत आणि भांडण दोन्ही पडलं शालनबाई आणि तिचा सासरा चिमाजी यांच्या अंगावर. ती महाळुंग्याची लेक. माहेरी शाळेची पायरी चढली नव्हती, आणि हे ती कुणालाही न लाजता सांगायची. आपली इंद्रायणी मात्र चौथी पास झालीच पाहिजे, हे तिनं मनात धरलं होतं.

तुम्ही म्हणाल, चौथी ती काय. तर ऐका. आमच्या गावातली एकही पोर तोवर चौथी पास झालेली नव्हती.

शाळा मारुतीच्या देवळामागच्या धर्मशाळेत भरायची. गुरुजी एकच, उद्धवराव, सोलापूरकडचे, बदलीला आणि गावकऱ्यांना सारखेच घाबरणारे. आम्ही पोरी सहा-सात. श्रावणापर्यंत आम्ही नियमित यायचो. गणपती उठले की बाजरीत दाणा भरायचा आणि शाळेतून पोरी उठायच्या. शेताशेतात माळा बांधलेला असे, म्हणजे चार मेढींवर उंच मचाण. त्यावर पोरीनं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उभं राहायचं, गोफणीत खडा घालून भिरकवायचा आणि घसा बसेपर्यंत पाखरांवर ओरडायचं. मुलगे शाळेत, मुली माळ्यावर. दिवाळीनंतर आम्ही परत यायचो तेव्हा मुलगे त्रैराशिकात पोचलेले असत आणि आम्ही अजून हातच्याच्या वजाबाकीत. मग नापास. दोनदा नापास झालं की घरचे म्हणायचे, पोरीला डोकंच नाही. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. डोकं कुठून असणार? ते तुम्हीच उन्हात वाळत घातलं होतं ना!

यात सगळ्यात मोठी गंमत म्हणजे शाळा कमिटीचे प्रमुख बबनराव. गावातली सगळ्यात मोठी बाजरी त्यांची. आमच्यातल्या दोघी त्यांच्याच माळ्यावर राखणीला असायच्या, चार कणसांच्या बदल्यात. पोरी शाळेत येतात की नाही हे ज्यानं बघायचं, त्याच्याच शेतात पोरी उभ्या. आणि हेच बबनराव पंधरा ऑगस्टला मुलींच्या शिक्षणावर भाषण ठोकायचे!

इंद्रायणी आणि मी चौथीत होतो, त्या साली भादव्यात शालनबाईनं सासऱ्याला सांगितलं, "मामंजी, औंदा इंद्री माळ्यावर जायाची न्हाई."

"मग तू जातीस?" चिमाजी म्हणाला. "खुरपन कोन करंल? भाकरी कोन थापंल?"

"तुमी जावा की. दिसभर पारावर बसता, तितं माळ्यावर बसायचं. वारं बी लागंल."

चिमाजीनं ताट सारलं. सुनेनं सासऱ्याला माळ्यावर चढायला सांगावं, हे त्यानं सात पिढ्यांत ऐकलं नव्हतं. तो दोन दिवस अबोला धरून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः इंद्रायणीचा दंड धरून तिला शेतात नेऊन उभं केलं. राखण हे पोरींचं काम, पुरुषानं गोफण धरायची म्हणजे नाक कापून घ्यायचं, असं त्याचं म्हणणं. शालनबाई त्या दिवशी रडली. आमच्या ओट्यावर बसून, नाक पुसत, शिव्या देत रडली. माझ्या आईला, मंजुळाबाईला, रडणारी शालन पहिल्यांदाच दिसली.

आता या चिमाजीचं एक होतं. माणूस रीतीभातीचा भयंकर कडक. एकदा खंडेनवमीला पुजलेली कुऱ्हाड शालनबाईनं उत्तरपूजेच्या आधी उचलून सरपण फोडलं होतं, तर त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. ज्यानं हत्यार पुजायला मांडलं त्यानंच त्याची उत्तरपूजा करायची, आणि तोवर त्याला हात लावला तर घराचं वाटोळं होतं, हे तो साऱ्या गावाला ऐकवायचा. गावही ते मानायचं. शालनबाईनं त्या कुऱ्हाडीपायी महिनाभर बोलणी खाल्ली होती, आणि ती बोलणी विसरणारी बाई नव्हती.

त्या साली दसरा लवकर आला. बाजरी अजून उभी होती. खंडेनवमीला शाळेत पाटीपूजन असायचं. आदल्या दिवशी शालनबाई आम्हा सगळ्या पोरींच्या घरी जाऊन आली. आमच्याकडेही आली.

"उद्या पोरीच्या पाटीसंगं तिची गोफन बी आन," ती आईला म्हणाली.

"अगं बाई, मालक मारत्याल मला," आई म्हणाली.

"मारलं तर रड. पन गोफन आन."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव धर्मशाळेत लोटलं. आम्हीही होतो, पूजेच्या दिवशी पोरींना कुणी अडवत नसे. गुरुजींनी चौरंगावर पाट्या मांडल्या, पाटीपाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती, वर झेंडू. समोर बबनराव फेटा बांधून बसलेले. आरतीला उभं राहायच्या आत शालनबाई पुढे झाली आणि तिनं कमरेची गोफण सोडून सरस्वतीपुढं ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मग दुसरी बाई उठली. मग तिसरी. माझी आई सगळ्यात शेवटी उठली, पण उठली.

"हे काय गं?" बबनराव म्हणाले.

"खंडेनवमी हाय न्हवं भावजी? ज्याचं त्यानं हत्यार पुजायचं. पोरींचं हत्यार ह्येच," शालनबाई म्हणाली.

बायामाणसं हसली. पुरुषही हसले. चिमाजीनं तर मान डोलावली. सून एकदाची रीतीला लागली असं त्याला वाटलं असावं. आरती झाली, चणे-गूळ वाटला गेला.

दसऱ्याला सकाळी गुरुजींनी पाट्यांवर अक्षता टाकल्या, उत्तरपूजा झाली, ज्यानं त्यानं आपली पाटी उचलली. गोफणी तिथंच राहिल्या. ज्या बायकांनी मांडल्या होत्या, त्यांतली एकही फिरकली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दप्तर घेऊन शाळेत जाऊन बसले. इंद्रायणी आधीच आली होती. आम्ही सगळ्या आलो. गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं, आणि वजाबाकी शिकवायला घेतली.

इकडे शेतात पाखरांनी ठाण मांडलं होतं. घराघरात एकच गोंधळ. चिमाजी नवी गोफण वळायला बसला तर शालनबाई चुलीपासून म्हणाली, "वळा की. नांगर पुजल्याला असला म्हंजी दुसऱ्याचा नांगर आनून जुपायचा, आसंच शिकीवलं व्हतं न्हवं तुमी?"

चिमाजीचे हात थांबले.

"मग पोरीनं नुसतं वरडावं. डबा वाजवावा," तो म्हणाला.

"पोरींची राखन देवापुढं मांडलीया. उत्तरपूजा हुईस्तवर ती बंद. पुरुषांनी कुठं गोफन पुजलीया? तुमी मोकळं हाय."

असं सगळ्या घरांतून झालं. माझ्या वडलांनी आईवर हात उचलला, हेही सांगायला हवं. ती रडली, आणि गोफण आणायला गेली नाही. पाच-सहा दिवस गावातले मिशीवाले पुरुष माळ्यांवर उभे राहून डबे वाजवत होते. ज्योतीराम ड्युटीला जाण्याआधी, उजाडताना, सायकल बांधाला टेकवून माळ्यावर चढायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बबनरावांनी त्याला वाटेत अडवून बायकोला आवर म्हटलं, तर तो म्हणाला, "मला जमत न्हाई, भाऊ. तुमी बगा जमलं तर."

मग बबनराव बघायलाच आले. भर दुपारी, शाळा चालू असताना, चिमाजीला आणि आणखी चार जणांना घेऊन धर्मशाळेच्या दारात.

"गुरुजी, त्या गोफणींवर अक्षता टाका आणि बाहेर द्या," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्ही कुठल्या गावाला असाल ते मी सांगतो."

उद्धवराव गुरुजी उभे राहिले. धोतराचा सोगा त्यांच्या हातात चुरगळत होता. "पाट्या मी मांडल्या होत्या, त्या मी उचलल्या," ते म्हणाले. "गोफणी मी मांडल्या नाहीत." एवढं बोलून ते खाली बसले. पण बोलले. त्या माणसाला मी आयुष्यभर त्यासाठी मानत आले.

तोवर कुणीतरी शालनबाईला कळवलं असावं. ती शेतातून तशीच आली, पायांना माती, हातात खुरपं, आणि दारात बसली.

"उचला," ती बबनरावांना म्हणाली. "जावा आत आन् उचला. म्या अडवत न्हाई."

बबनरावांनी चिमाजीकडे पाहिलं. "चिमाजी, तुझ्या घरची गोफण आहे. तू उचल. मग बाकीचे उचलतील."

चिमाजी आत आला. आम्ही पोरी भिंतीला चिकटून बसलो होतो. इंद्रायणीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की माझी बांगडी रुतली. म्हाताऱ्यानं सरस्वतीपुढं वाकून गोफणीकडे हात नेला. झेंडू सुकले होते, कुंकू गोफणीच्या दोरीत मुरलं होतं. हात तसाच राहिला.

"शालन," तो मागे न बघता म्हणाला, "तू उत्तरपूजा कर. पाखरांनी दोन पायल्या बाजरी खाल्ली असंल आतापतूर."

"खाल्ली असंल," शालनबाई म्हणाली. "ती मापून सांगता. आन् दर साली माज्या पोरीचं आख्खं साल खाता, त्येचं माप कोन घेतं मामंजी?"

मला तेव्हा वाटलं, हा म्हातारा आता तिला मारणार. मारलं असतं तरी ती उठली नसती, हे मी शपथेवर सांगते.

चिमाजीनं हात मागे घेतला. त्यानं इंद्रायणीच्या पाटीकडे पाहिलं, मग बबनरावांकडे वळून एकदम त्यांच्यावरच तडकला. "म्या न्हाई पुजल्यालं उचलनार. पाप मला आन् बाजरी तुला? तुजी बाजरी तू राख की लेका, हातपाय धड हायती न्हवं!"

तो तिथून निघाला तो थेट माळ्यावर. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज गावात ऐकू येत होता. शिव्या पाखरांना देत होता की सुनेला, कळत नव्हतं. बबनराव दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आपल्या माळ्यावर चढले, आणि शेजारच्या शेतातल्या बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. बाजरी कापून खळ्यावर आली तेव्हाच शालनबाईनं गोफणींवर अक्षता टाकल्या.

त्या उन्हाळ्यात इंद्रायणी चौथी पास झाली. मीही झाले. गुरुजींची बदली झाली, ती व्हायचीच होती.

इथं गोष्ट संपवली तर शालनबाई गोड वाटेल, आणि ती गोड नव्हती. म्हणून पुढचंही सांगते.

पाचवीला आम्ही दोघी चिंचवडला चालत जायला लागलो. त्या साली बाजरी भरली तेव्हा चिमाजी कमरेनं आडवा पडला होता, ज्योतीरामला ओव्हरटाइम लागला होता आणि शालनबाई तापानं फणफणत होती. मी इंद्रायणीला बोलवायला गेले तर दारातच आवाज आला.

"चार दिस. फकस्त चार दिस माळ्यावर जा," शालनबाई म्हणत होती.

"मी न्हाई जायाची," इंद्रायणी म्हणाली. ती दप्तर बांधत होती.

"इंद्रे, मी पडल्ये बग. सारं पीक जाईल."

"जाऊ दे."

शालनबाई उठली आणि तिनं हात उगारला. इंद्रायणी हलली नाही. तिनं गालही चुकवला नाही.

"मार," ती म्हणाली. "पन लवकर मार. घंटा व्हायच्या आत पोचायचंय."

मी दारात घाबरून उभी. शालनबाईचा हात वर तसाच. ती लेकीकडे बघत राहिली आणि मग तिनं तोच हात खुंटीवरच्या घोंगडीला घातला. घोंगडी डोक्यावर घेऊन, भिंतीला धरत, ती शेताच्या वाटेला लागली. वेशीपर्यंत आम्हा दोघींना नाही नाही त्या शिव्या देत होती. वाट फुटली तिथं थांबली आणि वळून ओरडली, "भाकर घेतली का गं?"

"घेतली," इंद्रायणी म्हणाली, आणि मागे न बघता चालायला लागली.