शकूचा बूट

नव्या चामड्याचा वास आला की मला अजून शकूचा राग येतो. आज सकाळी ह्यांच्या नव्या चपलांचा वास घरभर पसरला होता, आणि नेमकी तेव्हाच लेक म्हणाली, "आई, अपंगाचं सर्टिफिकेट काढ की आता. महिन्याचा सरकारी पगार तरी चालू हुईल."

शकू माझी मानवतची मैत्रीण. पोलिओ दोघींच्याही पायात. तिनं सर्टिफिकेट काढलं, तिला नव्या चामड्याचा, लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला. माझी आई म्हणाली, "गावभर व्हईल. मग तुला कोण करून घेईल?" बघायला पाहुणे यायच्या आधीच ती मला सतरंजीवर बसवून ठेवायची, चालणं दिसू नये म्हणून.

एकदा भरल्या एसटीत शकू खट्‌खट् करत चढली. कंडक्टरनं तिच्यासाठी पुढचं सीट रिकामं करून दिलं. "तू बी काढ की गं," ती म्हणाली.

"मला काय झालंय?" म्हणत मी परभणीपर्यंत दांडा धरून उभी राहिले. पाय ठणकत होता. लय जळले मी तिच्यावर. सीटचं सोडा, पण सगळ्यांदेखत असं बिनधास्त लंगडायचं?

आज दुपारी लेकीला बघायला पाहुणे आले. ते यायच्या आधीच मी सतरंजीवर जाऊन बसले होते.