पत्त्याचा रकाना

काकूंनी सव्वीस वर्षं मोबाइल कंपनीच्या खिडकीत बसून लोकांना 'नाही' म्हटलं. कागद अपुरे आहेत, नाही. सही जुळत नाही, नाही. फोन दुसऱ्याच्या नावावर आहे, मग तर मुळीच नाही. त्यांचा नन्नाचा पाढा इतका पक्का होता, की नवीन लागलेल्यांना साहेब मुद्दाम त्यांच्याच शेजारी बसवत. निवृत्तीच्या दिवशी गुच्छ मिळाला, टाळ्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घर खायला उठलं.

मग त्यांनी मोबाइल दुरुस्तीचा वर्ग लावला.

"आई, ह्या वयात?" मुलगा म्हणाला.

"मग कुठल्या वयात? तुझ्या वयाची होते तेव्हा तुझ्यामागे धावत होते."

वर्ग संपल्यावर दर बुधवारी सकाळी त्या बेघरांच्या, फक्त दिवसा उघड्या असणाऱ्या निवाऱ्यात जाऊन बसू लागल्या. जागा मिळाली ती कपडे धुण्याच्या खोलीत. मशीन फिरायला लागलं की टेबल थरथरायचं आणि बारीक स्क्रू लोळत सुटायचे, म्हणून त्या निघालेला प्रत्येक स्क्रू ओळीने चिकटपट्टीवर लावून ठेवत. लोकांनी दिलेले जुने फोन खोक्यात असत. फुगलेली बॅटरी बदलायची, चार्जिंगच्या भोकात अडकलेला खिशातला कचरा दातकोरणीने काढायचा, आधीच्या मालकाचे फोटो पुसायचे आणि त्याआधी फोनवर कोरलेला यंत्राचा नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हे बघायचं. फुकट द्यायचं म्हणून वाटेल ते द्यायचं, हे काकूंच्या रक्तात नव्हतं.

तिथेच त्यांना मिस्त्री भेटला. गिलाव्याचं काम करणारा, पन्नाशीचा. आजारपणात खोली गेली, मग पुलाखाली झोपताना फोन पाण्यात भिजून मेला. कंत्राटदार सकाळी फोन करतात. जो उचलत नाही, त्याचं काम दुसऱ्याला जातं. काकूंनी त्याच्यासाठी एक चांगला फोन तयार केला. त्याने सिम घातलं, तर पडद्यावर अक्षरं आली: हे सिम चालणार नाही.

"काय म्हणतंय हे, काकू?"

"म्हणतंय, मी दुसऱ्या कंपनीच्या हातचं पाणी पिणार नाही."

मिस्त्री हसला, पण फोन त्याच्या हातात नुसताच राहिला. कुलूप कंपनीने घातलेलं होतं आणि ते उघडायचा कोडही कंपनीकडेच. खोक्यात असे सतरा फोन निघाले आणि सगळे काकूंच्याच जुन्या कंपनीचे.

नियम त्यांना तोंडपाठ होता. करार संपलेला असेल आणि जुन्या मालकाचं पत्र असेल, तर कंपनीने कोड द्यायचा. फोन देणाऱ्यांकडून सतरा पत्रं गोळा करून, सतरा अर्ज भरून त्या मिस्त्रीला घेऊन कचेरीत गेल्या. तिथला साहेब म्हणजे त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"काकू! या, या. चहा सांगतो."

"चहा नको, कोड दे."

साहेबांनी पहिला अर्ज वाचला. "फोन वापरणाऱ्याचा पत्ता?"

"पुलाखाली, तिसरा खांब," मिस्त्रीने सरळ सांगितलं.

शेजारच्या खिडकीतलं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. "काकू, कायमचा पत्ता लागतो. पत्त्याचा रकाना रिकामा तर अर्ज परत. तुम्हीच शिकवलंत मला."

काकूंना ते वर्मी लागलं. खांद्यावर घोंगडी घेतलेली किती माणसं आपण मान वर न करता परत पाठवली, ते त्यांना आठवायचं नव्हतं, तरी आठवलं.

"शिकवलं खरं," त्या म्हणाल्या. "पण चुकीचं शिकवलं."

घरी येऊन त्यांनी माळ्यावरून नियमांचं जुनं पुस्तक काढलं आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. पत्ता मागितला होता तो उत्तराचं पत्र पाठवण्यासाठी. माणूस तिथे झोपतो का, हे कुठेच विचारलं नव्हतं. काकूंनी पेन उचललं आणि सतराही अर्जांवर स्वतःच्या घराचा पत्ता घातला.

मुलगा उडालाच. "सतरा अनोळखी माणसं आपल्या पत्त्यावर? उद्या पोलीस दारात आले तर?"

"बसवेन. खुर्च्या आहेत आपल्याकडे."

"शेजारी काय म्हणतील?"

"त्यांचा पत्ता नाही घातला मी."

सोमवारी काकू, ज्यांना हे फोन मिळायचे होते त्या निवाऱ्यातल्या सतराही जणांना घेऊन कचेरीत शिरल्या. प्रत्येकाने मशीनमधून स्वतःचं टोकन काढलं. दारावरचा पहारेकरी पुढे झाला, "एवढ्या लोकांना बसता येणार नाही."

"टोकन आहे ना हातात? मग गिऱ्हाईक आहेत," काकू म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत ठाण मांडून बसल्या.

तिसऱ्या अर्जाला साहेब केबिनमधून बाहेर आले. "काकू, एकाच पत्त्यावर सतरा जण?"

"किती जण चालतात, हे पुस्तकात कुठे लिहिलंय? दाखव."

"तुम्ही मला अडचणीत आणताय."

"तुला नाही रे. एवढंच कर, माणसाला घर नाही म्हणून अर्ज नाकारला, असं कागदावर लिही आणि खाली सही कर. मी आत्ता उठते."

साहेबांनी पेन उघडलं, कागदाकडे पाहिलं आणि पेन बंद केलं. मग आत जाऊन मुख्य कचेरीला फोन लावला. दुपारपर्यंत सतरा अर्जांवर दाखल करून घेतल्याचे शिक्के पडले.

आठवड्याभरात काकूंच्या घरी अकरा पाकिटं आली. तीन अर्ज जुन्या मालकाची सही न जुळल्यामुळे परत आले. काकूंनी ताडून पाहिलं, सह्या खरंच जुळत नव्हत्या. तिघांचं अजून अडकलेलं होतं.

मिस्त्रीने कोड स्वतःच्या बोटांनी दाबला. पडद्याच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या रेघा उमटल्या. त्याने उभ्याउभ्याच जुन्या कंत्राटदाराला फोन लावला. त्याच्याकडे माणसं भरली होती. दुसऱ्याने उचलला नाही. तिसऱ्याने विचारलं, "होतास कुठे इतके दिवस?"

"होतो इथेच," मिस्त्री म्हणाला. "आता नंबर लिहून घ्या."

एका शाळेच्या भिंतींचं दोन आठवड्यांचं काम मिळालं. झोपायला तो अजून पुलाखालीच जात होता.

महिन्याभराने कंपनीचं नवीन पत्रक आलं: यापुढे एका पत्त्यावर तीनच अर्ज. काकूंनी ते ओट्यापाशी उभं राहून वाचलं आणि मोठ्याने हसल्या. नव्या अर्जांचा गठ्ठा काखेत मारून त्या जिना उतरल्या आणि इमारतीतली दारं ठोठावू लागल्या. "तुमचा पत्ता हवाय. माणसं येणार नाहीत, नुसतं पत्र येईल."

दोन दारं तोंडावर लागली. एका घरी विचार करून सांगतो म्हणाले. चौथ्या दारातल्या बाईंनी ओले हात पुसत सगळं ऐकून घेतलं.

"तीनच जणांचं चालतं का?"

"घरामागे तीन."

"मग आमच्या दुकानाचाही पत्ता लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "बघू किती पत्रकं काढतात ते."