फुलाबाईंनी मोडलेला नियम

नाशकातल्या अंबडच्या कारखान्यांच्या गर्दीत एक पत्र्याची शेड आहे. बाहेरून ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण आत जमिनीच्या पोटातले दागिने मांडून ठेवलेले असतात. विहिरी खोदताना, खाणी फोडताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांतून जे स्फटिक निघतात ते इथे येतात, धुतले जातात, निवडले जातात आणि लांबलांबच्या हौशी लोकांच्या कपाटांत जाऊन बसतात. शेडचे मालक कुंदनशेठ. पण कुठला दगड काय, हे ज्यांना विचारल्याशिवाय कुंदनशेठ खोक्याला झाकण लावत नसत, त्या फुलाबाई.

फुलाबाई पेठ तालुक्यातल्या. लग्न झालं तशा नवऱ्याबरोबर खडी फोडायला नाशकाकडे उतरल्या. क्रशरची धूळ खाऊन खाऊन नवऱ्याची, काळूची, छाती निकामी झाली आणि तो गेला. मग फुलाबाई या शेडमध्ये दगड धुवायला लागल्या. धुता धुता ओळखायला लागल्या. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही नावं घरच्या कोंबड्यांना हाक मारावी इतक्या सहज घेतात. अठरा वर्षांत त्यांचा अंदाज चुकल्याचं शेडमध्ये कुणाला आठवत नाही, आणि त्याही ते कुणाला विसरू देत नाहीत.

शेडला एक नियम त्यांनीच घालून दिला होता. पारदर्शक खडा हाती आला की काचेवर ओढायचा. ओरखडा उठला तर ती गार, म्हणजे गारगोटी; नाही उठला तर दुसरं काहीतरी. नाशकाकडच्या मालाला हा नियम चपखल बसायचा, कारण काचेला भारी पडेल असं पारदर्शक इथल्या काळ्या दगडात गारेशिवाय सहसा काही सापडत नाही.

गेल्या हिवाळ्यात कुंदनशेठनी पहिल्यांदाच राजस्थानातल्या एका अभ्रकाच्या खाणीचा माल आणला. त्यातली गार मणी पाडायला जायची होती. त्र्यंबकला स्फटिकाच्या माळा चांगल्या खपतात. निवडीला नवा माणूस बसला होता, दिनेश. पदवीधर, हाताला चपळ, बोलायला गोड. निवडीचं टेबल आता त्याच्याकडे द्यावं आणि फुलाबाईंनी परत धुण्याच्या हौदावर जावं, असं कुंदनशेठच्या मनात घोळत होतं. तोंडाने ते काही बोलले नव्हते. फक्त आठवड्यात दोनदा त्यांनी फुलाबाईंच्या चष्म्याची चौकशी केली होती. फुलाबाई समजायचं ते समजल्या आणि ते त्यांना चांगलंच झोंबलं.

दिनेशने खडे काचेवर ओढून गारेचा ढीग लावला. टेम्पो दारात उभा होता. पोत्यात भरण्याआधी फुलाबाईंनी सवयीने ढिगात हात घातला आणि मोठ्या आवळ्याएवढा एक खडा वर काढला.

"हा यात नको," त्या म्हणाल्या.

"का मावशी?"

"गार नाय ही. जड हाय."

दिनेशने खडा घेऊन काचेवर ओढला. पांढरी रेघ उठली. "हे बघा. नियम तुमचाच आहे."

"माझाच हाय. पर तो आपल्याकडच्या दगडाचा. ह्यो पाहुणा."

कुंदनशेठ बाहेर आले. "फुलाबाई, एका खड्यासाठी टेम्पो थांबवायचा? आणि तुमचं चुकलं तर?"

"चुकलं तर उद्यापासनं मी हौदावर," फुलाबाई म्हणाल्या. "तुमाला सांगायला लागायचं नाय."

कुंदनशेठनी मान खाली घातली. मनातलं असं उघड्यावर आलं की माणसाला हातांचं काय करावं कळत नाही.

फुलाबाईंनी स्टीलचा पेला पाण्याने काठोकाठ भरून ताटलीत ठेवला. खडा आत सोडला, सांडलेलं पाणी बाटलीत ओतून खूण केली. मग एकेक गार सोडून बघत राहिल्या, पाणी अगदी त्याच खुणेला येईपर्यंत. तशी गार सापडल्यावर दोन्ही दगड पुसून काट्यावर ठेवले. गार त्रेपन्न ग्रॅम भरली, खडा एकोणसाठ. नंतर त्यांनी खड्याचं टोक गारेवर ओढलं. गारेवर चर पडला. उलटं करून गार खड्यावर ओढली, तर नुसती भुकटी उठली; बोटाने पुसली तर खाली खडा जसाच्या तसा.

दिनेशने काट्यावरचे आकडे परत वाचले: आकारमान तेच, वजन सहा ग्रॅम जास्त. टेम्पो त्या खड्याशिवाय गेला आणि खडा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत.

अहवाल यायला तीन आठवडे लागले. या दिवसांत फुलाबाई कुणाशी फारसं बोलल्या नाहीत. हात खोटं बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी भीती वाटतच होती. हौदाचं काम हलकं आहे असं त्या कधीच मानत नसत; पण जिथून स्वतःच्या अकलेने उठून आलो, तिथे कुणी पाठवावं हे त्यांना सोसणार नव्हतं.

अहवाल दिनेशने वाचला, आणि त्याचा आवाज वाचता वाचता चढत गेला. फेनाकाइट. बेरिलियम या धातूचं सिलिकेट, दुर्मीळ. गारेहून कठीण, गारेहून जड. ग्रॅनाइटच्या भरड शिरांत किंवा पाचू सापडतो तशा अभ्रकी खडकात मिळणारं. नाव एका ग्रीक शब्दावरून पडलेलं, त्याचा अर्थ फसवणारा, कारण लोक त्याला गारच समजत आले.

"मावशी, भलेभले फसले म्हणून तर हे नाव पडलंय," दिनेश म्हणाला. "आणि तुम्ही नाही फसलात."

खाली एक सूचना होती. यात बेरिलियम आहे, त्याची भुकटी छातीत गेली तर फुप्फुसं खराब होतात. खडा घासू नये. ते ऐकून फुलाबाई पदराने तोंड पुसत खाली बसल्या. तो खडा गेला असता तर दिवसभर घासायच्या चाकापाशी वाकून त्याचे मणी पाडणारा माणूस कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. काळू मात्र माहीत होता. आपल्या हातून कुणाची तरी छाती वाचली असेल, या विचाराने त्यांना भरून आलं.

"टेबल मावशींचंच," दिनेश शेठना म्हणाला. "मी शेजारी स्टूल टाकून शिकतो."

कुंदनशेठनी खड्यासोबत ठेवायची चिठ्ठी लिहायला घेतली. आधी दगडाचं नाव, मग तो निघाला ती खाण, तिचं गाव, जिल्हा. पुढे 'प्रथम ओळखणाऱ्या' असं लिहून त्यांचं पेन थांबलं.

"फुलाबाई, तुमचं आडनाव काय हो?"

अठरा वर्षांत त्यांनी ते विचारलंच नव्हतं. विचारताना त्यांचे कान लाल झाले.

"भोये. फुलाबाई काळू भोये." मग त्या चिठ्ठीवर वाकल्या. "दगडाचं गाव लिवलं ना? माझं बी लिवा. आंबेपाणी, तालुका पेठ."

कुंदनशेठनी लिहिलं. दिनेशने चिठ्ठी वाचून दाखवली. फुलाबाईंनी त्याला ती परत वाचायला लावली, या वेळी जरा मोठ्याने, म्हणजे हौदावरच्या बायकांनाही ऐकू जाईल.